ऑक्सिडीकृत, ऑक्सिडीभूत की खवट?

रसवंती : रक्ततपासणीच्या एका माहितीपत्रकाचे मराठी भाषांतर करते आहे. ‘ऑक्सिडाइज्ड एलडीएल’साठी (एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण; इथे ऑक्सिडीकरणाने बदललेले) मी ‘ऑक्सिडीकृत कोलेस्टेरॉल’ लिहिले होते. मराठी विश्वकोशात ‘ऑक्सिडीभवन’ आहे, म्हणून संपादकांनी ते खोडून ‘ऑक्सिडीभूत’ केले. शाळेत मात्र आम्ही ‘ऑक्सिडीकरण’च शिकलो. काय ठेवावे?

पदन्यास : ही संस्कृतातील च्वि या प्रत्ययाची रूपे आहेत. जे तसे नव्हते ते तसे करणे म्हणजे ‘करण’ आणि आपोआप तसे होणे म्हणजे ‘भवन’. धमनीच्या भिंतीत हा बदल कोणी घडवून आणत नाही, तो होतो; तेव्हा संपादकांचे म्हणणे बरोबर आहे. पत्रक रुग्णांसाठी असेल तर तेलातुपाला लावतो तो ‘खवट’ हा घरचा शब्द का नको?

जीवरसायन : ‘खवट’ला माझा विरोध आहे, पण तो घरचा शब्द आहे म्हणून नव्हे. खवटपणा स्निग्धांशाचा असतो. एलायझा या प्रतिपिंडांच्या साहाय्याने मोजण्याच्या पद्धतीत वापरले जाणारे ४ई६ हे प्रतिपिंड (ठरावीक रेणू ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन) मात्र एलडीएल कणावरील एपोबी या प्रथिनाला चिकटते, आणि तेही त्यातील लायसिन या अमिनो आम्लाच्या पुष्कळशा घटकांना अल्डिहाइडे (स्निग्धांशाच्या ऑक्सिडीभवनातून तयार होणारी संयुगे) जोडली गेल्यानंतरच. ई०६ हे दुसरे प्रतिपिंड ऑक्सिडीभूत फॉस्फोलिपिड (कणाच्या पृष्ठभागावरील फॉस्फरसयुक्त स्निग्ध पदार्थ) ओळखते. ही फॉस्फोलिपिडे लायपोप्रोटीन-ए या वेगळ्या कणावर अधिक असल्यामुळे तो आकडा बऱ्याच अंशी त्या कणाच्या पातळीबरोबर वरखाली होतो. दोन्ही पद्धतींत कोलेस्टेरॉलचा रेणू मोजलाच जात नाही, म्हणून रसवंतीताई, आधी ‘कोलेस्टेरॉल’ काढा.

पदन्यास : मान्य. मग ‘करण’ कायमचे बाद समजावे का?

जीवरसायन : मुळीच नाही. एस्टरबाउअर या संशोधकांच्या १९८९ च्या पद्धतीत रक्तातून वेगळ्या काढलेल्या एलडीएलमध्ये तांब्याचे आयन (विद्युत्भारित कण) मुद्दाम घालतात आणि ऑक्सिडीकरणाची खूण म्हणून २३४ नॅनोमीटरला प्रकाशशोषण किती वेळाने वाढू लागते ते पाहतात. तिथे क्रिया आपण घडवतो, म्हणून ते ऑक्सिडीकरणच. मात्र त्यातून कणाची ऑक्सिडीकरणाला असलेली प्रतिकारक्षमता कळते. रक्तात आधीच किती कण बदलले आहेत, हे कळत नाही.

सूक्ष्मदर्शी : मी प्रयोगशाळेत काम करतो. आम्ही तोंडी ‘ऑक्स-एलडीएल’ म्हणतो. ‘भवन’ रक्त काढल्यावर नळीतही चालू राहते, हे या चर्चेत यायला हवे. म्हणूनच धातूंचे आयन बांधून ठेवणारे ईडीटीए असलेली नळी घेतात, प्लाझ्मा (रक्तपेशी वगळून उरणारा द्रव) लवकर वेगळा करतात आणि तो उणे ८० अंशांवर ठेवतात. थायोबार्बिट्युरिक आम्लाच्या जुन्या पद्धतीत नमुना तापवल्यावर त्यातील अल्डिहाइडांमुळे गुलाबी रंग येतो व तो ५३२ नॅनोमीटरला मोजतात; परंतु तापवण्यानेच आणखी अल्डिहाइड तयार होते आणि काही शर्कराही रंगात भर घालतात. त्या आकड्याला ‘ऑक्सिडीभूत एलडीएल’ म्हणणे मला पटत नाही.

रसवंती : पत्रकात एलायझा एवढेच लिहिले आहे. प्रतिपिंडाचे नाव दिलेले नाही.

सूक्ष्मदर्शी : मग ते आधी विचारून घ्या, आणि एककही पाहा. ४ई६ च्या चाचणी-संचात निकाल दर लिटरला युनिटांत येतो, नेहमीच्या कोलेस्टेरॉलसारखा मिलिग्रॅममध्ये नव्हे. दुसऱ्या संचाचा आकडा त्याच्या शेजारी ठेवता येत नाही.

पदन्यास : ‘संच’ इथे योग्य आहे का? मला ‘किट’च बरे वाटते.