मदत हवी आहे: पाच हजारांना भोजन, चार शुभवर्तमानांचा तुलनात्मक तक्ता

धागाकर्ता
बायबल अभ्यासगटासाठी ‘पाच हजारांना भोजन’ या प्रसंगाचा तक्ता करायचा आहे. (येशू पाच भाकरी आणि दोन मासे यांवर पाच हजारांना जेवू घालतो आणि तुकड्यांच्या बारा टोपल्या उरतात, तो प्रसंग.) मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार शुभवर्तमानांसाठी (येशूच्या जीवनाची चार पुस्तकं) चार रकाने आखले, मत्तयाचा उतारा ओळीने लिहून काढला आणि बाकीचे तिघे त्याच्यासमोर बसवायला घेतले. तीन ठिकाणी गाडी अडली:
१) लूक बेथसैदा गावाचं नाव घेतो, पण मार्कात जेवण झाल्यावर शिष्यांना बेथसैदाकडे पाठवलं आहे. मग जागेच्या ओळीत काय लिहायचं?
२) सात भाकरी आणि सात टोपल्या असाही उल्लेख सापडतो. तो कुठे बसवायचा?
३) भाकरी आणणारा मुलगा फक्त योहानात आहे. बाकीचे तीन रकाने रिकामे ठेवले तर चालेल का?
ग्रीक येत नाही. हाताशी दोन वेगवेगळी मराठी भाषांतरं आहेत.

रकाना_चौथा
आधी दुसरा प्रश्न, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. सात भाकरींचा प्रसंग वेगळा आहे: चार हजार लोक, थोडे लहान मासे, सात टोपल्या. तो मार्क ८:१–१० आणि मत्तय १५:३२–३९ मध्येच आहे, लूक आणि योहानात नाही. या तक्त्यात तो घेऊच नका. दोन्ही प्रसंग एकच असं समजून मिसळायचा मोह झाला तर मार्क ८:१९–२० वाचा, तिथे येशू दोन्हींचे आकडे वेगवेगळे विचारतो. ग्रीकमध्ये टोपलीचे शब्दही वेगळे आहेत. पाच हजारांच्या वेळी चारही लेखक ‘कोफिनोस’ म्हणतात, चार हजारांच्या वेळी ‘स्पुरिस’. दमिष्क शहरात प्रेषित पौलाला भिंतीवरून खाली सोडलं ती ‘स्पुरिस’च (प्रेषितांची कृत्ये ९:२५), म्हणजे माणूस मावेल एवढीही असू शकते. तुमच्या भाषांतरांत दोन शब्द आहेत की दोन्हीकडे ‘टोपली’च, हे तपासून घ्या.

उताऱ्यांच्या हद्दी अशा धरा: मत्तय १४:१३–२१ (९ वचनं), मार्क ६:३०–४४ (१५), लूक ९:१०–१७ (८), योहान ६:१–१५ (१५). बायबलमधल्या ठळक मथळ्यांवरून हद्द ठरवू नका, ते छापणाऱ्यांनी घातलेले असतात.

पाया मत्तयाचा नको, मार्काचा घ्या. पहिल्या तिघांत त्याचा उतारा सर्वांत लांब आहे. मत्तय पायाला घेतला की ‘शंभर-शंभर व पन्नास-पन्नास’च्या पंगती आणि ‘हिरवं’ गवत यांना ओळच मिळत नाही.

कागद ए-३ आडवा घ्या. मार्काच्या क्रमाने बारा-तेरा ओळी पुरतात: निघण्याचं कारण, जागा, लोकसमुदाय, येशूने आधी काय केलं, जेवणाचा विषय कोणी काढला, पैशांची गोष्ट, भाकरी-मासे कुठून आले, बसवणं, प्रार्थनेची क्रियापदं, वाटप, उरलेले तुकडे, संख्या, पुढे काय झालं. चौघांत असलेला शब्द लाल, पहिल्या तिघांत असलेला निळा, दोघांत असलेला हिरवा. एकाच्याच रकान्यात असेल तो पेन्सिलने अधोरेखित करा. रंगवताना चारही रकाने एकाच भाषांतरातले हवेत, नाहीतर तुम्ही लेखकांमधला नाही, भाषांतरकारांमधला फरक रंगवत बसाल. दुसरं भाषांतर शंका आली तरच उघडा.

तिसरा प्रश्न: रिकाम्या चौकटीत आडवी रेघ मारा. योहानातला मुलगा मार्काच्या रकान्यात कंसातसुद्धा लिहू नका. लेखक गप्प आहे म्हणजे तो नाकारतो असं नाही, पण त्याच्या तोंडी दुसऱ्याचं वाक्य घालणं त्याहून वाईट. दुसऱ्या शतकात तातियान या ख्रिस्ती लेखकाने चारही शुभवर्तमानं गुंफून सलग कथा केली. चौथ्या शतकात युसेबियस या बिशपने मजकूर अखंड ठेवून, उताऱ्यांना क्रमांक देऊन दहा सारण्या केल्या. तुम्हाला युसेबियसचं काम करायचं आहे.

वाळूघड्याळ
पहिला प्रश्न. मार्क आणि मत्तय ‘एकांत जागा’ एवढंच सांगतात. योहान: समुद्रापलीकडे, डोंगरावर. लूक ९:१० मध्ये गावाचं नाव आहे, पण दोनच वचनांनी शिष्य म्हणतात, ‘आपण अरण्यात आहोत’. म्हणजे लूकच्या एकाच रकान्यात दोन नोंदी हव्यात. शिवाय ९:१० मध्ये हस्तलिखितांत पाठभेद आहे, म्हणजे शब्द वेगवेगळे आहेत: काहींत ‘बेथसैदा नावाच्या गावाकडे’, काहींत त्या गावाजवळची ओसाड जागा. दोन भाषांतरांत फरक दिसला तर कारण हे. मार्क ६:४५ मधली बेथसैदा ‘पुढे काय झालं’ या ओळीत टाका आणि तिथेच ६:५३ पण नोंदवा, कारण शिष्यांची होडी किनाऱ्याला लागते ती गनेसरेत इथे. योहान ६:१७ मध्ये ती कफर्णहूमाकडे निघालेली असते. नकाशावर जुळवाजुळव करायची तर ती तक्ता पूर्ण झाल्यावर.

‘निघण्याचं कारण’ ही ओळ घाईत उरकू नका. मार्कात शिष्य कामगिरीवरून परतलेत आणि त्यांना जेवायलाही सवड नाही. मत्तयात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या (शुभवर्तमानाचा लेखक तो नव्हे) मृत्यूची बातमी ऐकून येशू निघतो. पुढच्या ओळीत मार्क म्हणतो तो शिकवू लागला, मत्तय म्हणतो त्याने आजारी बरे केले, आणि लूक दोन्ही सांगतो. माझ्या मते सगळ्या तक्त्यात सर्वांत बोलक्या ओळी याच.

धागाकर्ता
धन्यवाद, नव्याने आखतो. प्रार्थनेच्या ओळीत चौघांचं जवळपास सारखंच दिसतंय. सरळ लाल करू?

रकाना_चौथा
नको. पहिल्या तिघांत घेतलं, वर पाहिलं, आशीर्वाद दिला, मोडलं, शिष्यांना दिलं. योहानात वर पाहणं नाही, मोडणंही नाही, आणि आशीर्वादाऐवजी ‘उपकारस्तुती करून’ आहे. जुन्या छापील ग्रीक पाठावरून केलेल्या भाषांतरांत योहान ६:११ मध्ये ‘शिष्यांना व शिष्यांनी लोकांना’ असे जास्तीचे शब्द सापडतात. नव्यांत येशू स्वतः वाटतो. ‘घेतलं’ तेवढं लाल.

पैशांच्या ओळीत भाकरी विकत घ्यायला लागणारे २०० दीनार (रोमन नाणी) मार्क आणि योहान या दोघांतच आहेत, म्हणून हिरवा. पण मार्कात ते शिष्य म्हणतात, योहानात फिलिप्प हा एकच शिष्य. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी (मत्तय २०:२).

वाळूघड्याळ
संख्येच्या ओळीत ‘माणसं’ लिहू नका, ‘पुरुष’ लिहा. ग्रीक शब्द चौघांतही पुरुषवाचकच आहे, ‘स्त्रिया व मुलं सोडून’ हे फक्त मत्तय जोडतो. आणि संख्या मत्तय-मार्कात शेवटी येते, लूक-योहानात लोकांना बसवतानाच; तेव्हा त्या दोघांच्या चौकटीत बाण काढून मूळ जागा दाखवा. योहानाच्या जवाच्या भाकरींपुढे समासात जुन्या करारातलं २ राजे ४:४२–४४ लिहून ठेवा. तिथे अलीशा संदेष्टा जवाच्या वीस भाकरी शंभर जणांना वाढायला सांगतो आणि त्यातूनही उरतंच.