फूट, एकर आणि सूत यांचे मीटरमध्ये रूपांतर : आपले अनुभव लिहा

प्रस्ताव

वजने आणि मापे दशमान पद्धतीने ठरवणारा कायदा भारतात १९५६ साली झाला आणि १९५८च्या ऑक्टोबरपासून बाजारात किलोग्रॅमची वजने येऊ लागली. तरीही नाशिकमध्ये आजही सदनिकेचा भाव चौरस फुटावर ठरतो, शेताचा एकरावर ठरतो, गंगापूर धरणाचा साठा दशलक्ष घनफुटांत छापून येतो आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मिलिमीटरचे आराखडे चालतात. या दोन पद्धतींमध्ये ये-जा करताना प्रत्यक्ष कामात कोठे अडले आणि ते कसे सोडवले, हे जाणकारांनी लिहावे, अशी विनंती आहे. गुणक कोणालाही मोबाईलवर सापडतो. तो हाती असूनही उत्तर का चुकते, हे आपण सांगितले तर वाचकांना त्याचा खरा उपयोग होईल.

निवृत्त भूकरमापक, निफाड

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त घोळ एका बिंदूने घातला आहे. जुन्या उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत असते आणि आजच्या सात-बाऱ्यावर ते हेक्टर, आर (१०० चौरस मीटर) व चौरस मीटरमध्ये असते. वाटपाच्या वेळी भाऊबंद दोन्ही कागद शेजारी ठेवतात. जुन्या कागदावर २.२० असा आकडा दिसला की घरातील शिकलेला मुलगा तो दशांश समजून ०.४०४७ने (एका एकराचे हेक्टर) गुणतो आणि ०.८९ हेक्टर असे उत्तर काढतो. सात-बाऱ्यावर मात्र १.०१ हेक्टर असते. मग कोणीतरी क्षेत्र वाढवून घेतले, असा संशय सुरू होतो. वास्तविक २.२० म्हणजे दोन एकर वीस गुंठे. एकराचे गुंठे चाळीस असल्यामुळे ते अडीच एकर झाले. वाचण्यातला हा फरक बारा गुंठ्यांचा आहे आणि तेवढ्यावरून सख्ख्या भावांचे बोलणे बंद झालेले मी पाहिले आहे.

यावर माझी रीत अशी आहे की आधी सगळे क्षेत्र गुंठ्यांत आणावे आणि मगच मीटरकडे वळावे. अडीच एकर म्हणजे १०० गुंठे. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजेच १,०८९ चौरस फूट किंवा १०१.१७ चौरस मीटर. त्यामुळे १०० गुंठ्यांचे १०,११७ चौरस मीटर झाले, म्हणजे १ हेक्टर, १ आर आणि १७ चौरस मीटर. हे उत्तर सात-बाऱ्याशी जुळते आणि बैठकीतले सर्वजण ते स्वतः पडताळून पाहू शकतात.

‘गुंठा आणि आर एकच’ असे गावात सर्रास म्हटले जाते. घराच्या जागेपुरते ते चालून जाते. परंतु वीस एकरांच्या क्षेत्रात त्यामुळे ९३६ चौरस मीटरचा, म्हणजे नऊ गुंठ्यांहून अधिक फरक पडतो.

द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

काकांनी लिहिलेला बिंदूचा घोळ आमच्याही घरी झाला होता, त्यामुळे वरची रीत मी उतरवून घेतली आहे. बागेत मात्र आमची अडचण निराळी असते. औषधाच्या लेबलवर मात्रा हेक्टरी दिलेली असते आणि आमच्याकडे टाकीचा सगळा हिशेब एकरी चालतो. हेक्टरी ५०० मिलि असेल, तर एकराला साधारण २०० मिलि लागते. आमच्या शिवारात एकाने हेक्टरची मात्रा एकराला वापरली आणि अडीचपट औषध पडले. निर्यातीच्या मालात औषधाचा उर्वरित अंश मर्यादेबाहेर गेला की वर्षभराची मेहनत वाया जाते. म्हणून फवारणीच्या वहीत मी प्रत्येक औषधापुढे एकरी मात्रा आधीच लिहून ठेवतो आणि टाकी भरताना कोणालाही तोंडी गणित करू देत नाही.

लेथवर्क व्यावसायिक, सातपूर

इंच आणि मिलिमीटर यांचे नाते १९५९च्या आंतरराष्ट्रीय करारापासून अगदी नेमके आहे : १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्यापुढे एकही अंक नाही. जुन्या लेथचा लीडस्क्रू (आटे पाडताना हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू) इंची असेल, तर त्यावर मेट्रिक आटे पाडण्यासाठी १२७ दातांचा गिअर लावतात, कारण १२७ला ५ने भागले की बरोबर २५.४ येतात. शिकाऊ मुलांना मी हा गिअर हातात देऊन दात मोजायला लावतो. एकदा मोजले की ते गुणक विसरत नाहीत.

धोका असतो तो जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या मापांत. १२ मिलिमीटरचा बोल्ट आणि अर्धा इंची बोल्ट यांच्या व्यासात केवळ ०.७ मिलिमीटरचा फरक आहे. परंतु पहिल्याच्या आट्यांमधील अंतर १.७५ मिलिमीटर, तर अर्धा इंची व्हिटवर्थचे (जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या आट्यांचे) २.१२ मिलिमीटर असते. चुकीचा नट एखादा आटा फिरतो आणि अडतो. तेथे पान्याने जोर लावला की दोन्हींचे आटे जातात. आमच्याकडे इंची आणि मेट्रिक नटबोल्टांचे डबे वेगवेगळ्या कपाटांत असतात, आणि ही शिस्त मी कोणालाही मोडू देत नाही.

बांधकाम अभियंता, इंदिरानगर

साइटवर अजूनही सळई सुतात मागवली जाते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. चार सूत म्हटले की दुकानदार १२ मिलिमीटरची सळई देतो. पण चार सुतांचे खरे माप १२.७ मिलिमीटर आहे. छेदाच्या क्षेत्रफळात हा फरक जवळपास ११ टक्क्यांचा होतो. म्हणून ‘चार सुताची द्या’ असे न सांगता आराखड्यातील १२ मिलिमीटर हाच शब्द चिठ्ठीवर लिहावा, असा माझा आग्रह असतो. वाळूचा ब्रासही असाच फुटांतला आहे : एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर.

दराबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो. क्षेत्र चौरस मीटरमधून चौरस फुटांत नेताना १०.७६४ने गुणायचे असते, तर दर नेताना त्याच संख्येने भागायचे असते. चौरस मीटरला ५०,००० रुपये म्हणजे चौरस फुटाला सुमारे ४,६४५ रुपये.

परिचारिका, नाशिकरोड

भूकरमापक काकांचा बिंदू आमच्या वॉर्डातही आहे. आजी विचारते म्हणून बाळाचे वजन पौंडात सांगावे लागते. सहा पौंड आठ औंस म्हणजे साडेसहा पौंड, २.९५ किलो; कोणी ते ६.८ असे लिहिले, तर ३.०८ किलो होते. लहान बाळाच्या औषधाची मात्रा किलोवर ठरते, त्यामुळे केसपेपरवर आम्ही फक्त किलो लिहितो. काही वजनकाट्यांवर एकक बदलण्याचे बटण असते. बाळाला ठेवण्यापूर्वी पडद्यावरचे एकक पाहावे.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पंचवटी

पावसाळ्यात बातम्यांमध्ये गोदावरीचा विसर्ग क्युसेकमध्ये आणि जायकवाडीचा साठा टीएमसीमध्ये सांगतात. दोन्हींचा मेळ कसा घालायचा, हे कोणी समजावून सांगेल का?

निवृत्त पाटबंधारे अभियंता, गंगापूर रोड

ताई, क्युसेक हा वेग आहे आणि टीएमसी हा साठा आहे. मध्ये वेळ घातल्याशिवाय त्यांची तुलना होत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३२ लिटर. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यामुळे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग सलग चोवीस तास चालला, तर १०० कोटी घनफूट, म्हणजे एक टीएमसी पाणी पुढे जाते. मेट्रिकमध्ये तेच २८.३२ दशलक्ष घनमीटर. गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट, म्हणजे ५.६३ टीएमसी किंवा सुमारे १५९ दशलक्ष घनमीटर आहे. बातमीत नुसता क्युसेकचा आकडा असेल, तर तो विसर्ग किती तास चालला हे आधी शोधावे. गुणाकार त्यानंतर करावा.