कराचीच्या वाळवंटी फुलपाखरांचे इतके नमुने कशासाठी?

प्रश्न :
नमस्कार. सिंध-राजस्थानच्या रुक्ष पट्ट्यात आढळणारी ‘कोलोटिस’ ही फुलपाखरे संग्रहालयांच्या खणांत ओळीच्या ओळी टोचून ठेवलेली असतात. प्रत्येक जातीची एक नर-मादी जोडी ठेवून भागले नसते का? शिवाय आज उत्तम छायाचित्रे मिळत असताना या नमुन्यांचे प्रयोजन काय?

उत्तर १ :
जोडीवर भागवले की काय होते, हे याच फुलपाखरांच्या बाबतीत दिसून आले आहे. एकोणिसाव्या शतकात त्यांना ‘टेराकोलस’ म्हणत. ब्रिटिश म्युझियममधील बटलर आणि १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे एक संस्थापक कर्नल स्विन्हो यांनी पंखांचा रंग व काळ्या खुणा पाहून त्यांच्या अनेक ‘नव्या जाती’ नोंदवल्या. स्विन्होंनी तर कराचीच्या फुलपाखरांवर स्वतंत्र लेखही लिहिला. मात्र पावसाळी पिढीच्या खुणा गडद आणि कोरड्या ऋतूतील पिढी फिकट असल्यामुळे, एकाच जातीला दोन-तीन नावे मिळून बसली होती. तारखांच्या चिठ्ठ्यांसह बरेच नमुने शेजारी-शेजारी मांडले, की गडदपासून फिकटापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या दिसतात, आणि त्यातली कित्येक नावे पुढे बाद झाली. माझ्या मते खरा ऐवज ती चिठ्ठीच आहे. तिच्याविना फुलपाखरू नुसते शोभेचे.

उत्तर २ :
सहमत. म्हणूनच ‘कराची’चे जुने इंग्रजी स्पेलिंग विचित्र वाटले तरी मूळ चिठ्ठी कधीही बदलत नाहीत, दुरुस्तीची चिठ्ठी त्याच टाचणीवर तिच्याखाली लावतात. वाळवंटात फुलपाखरू लवकर कडक होते, त्यामुळे ते त्रिकोणी कागदी पुडीत ठेवून आणतात आणि नंतर दमट डब्यात मऊ करून पंख पसरतात. धोका पुढेच असतो : नमुन्याखाली तपकिरी भुकटी साचलेली दिसली, की आतून भुंगेऱ्याच्या अळीने पोखरायला सुरुवात केली असे समजावे. छायाचित्राबद्दल म्हणाल, तर जुन्या नमुन्याच्या एका पायातूनही डीएनए मिळू शकतो आणि नराच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येते. या दोन्ही गोष्टी छायाचित्रातून साधत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ता :
आभारी आहे. जैसलमेरकडे गेल्यावर काही नमुने आणावेत का?

उत्तर १ :
परवानगीशिवाय आणू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचींत अनेक फुलपाखरे आहेत. त्याऐवजी पीलूच्या झाडांवर अळ्या शोधाव्यात, कारण ‘स्मॉल सामन अरब’ ही कोलोटिसची जात त्यांवर वाढते. छायाचित्रासोबत तारीख, नेमके ठिकाण आणि झाडाचे नाव मात्र आवर्जून नोंदवावे.