अनुभव धागा: इलेक्ट्रिक सायकलची चेन आणि तिचा आवाज

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात विजेवर चालणाऱ्या सायकली आता रोजच्या वापरात आल्या आहेत आणि 'मोटर आवाज करते' ही तक्रार त्यांच्याबरोबरच आली आहे. पायडल असलेल्या सायकलीचाच अनुभव येथे लिहावा. आवाज कसा होता, कारण काय निघाले आणि कोणते तेल वापरले, हे सांगताना आपल्याकडची माती आणि पाऊस यांचाही उल्लेख करावा, कारण कोरड्या गावातला उपाय जांबोटीच्या पावसात टिकत नाही.

टिळकवाडी, बेळगाव

माझ्या सायकलीची मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यात आहे. चढावर किरकिर ऐकू येऊ लागली तेव्हा सर्वांनी मोटरलाच दोष दिला. मी मोटर बंद करून नुसते पायडल मारले, तर आवाज तसाच राहिला; मागचे चाक उचलून पायडल न फिरवता थ्रॉटलने (हँडलवरच्या वेगाच्या मुठीने) मोटर चालवली, तर केवळ बारीक घरघर आली. एवढ्यावरून दोष चेनचा आहे हे स्पष्ट झाले. हब मोटरच्या सायकलीत मोटरचा जोर चेनवरून जात नाही, चेन फक्त आपल्या पायांचे बळ वाहते, त्यामुळे ती साध्या सायकलीइतकीच टिकायला हवी. अडचण अशी की साध्या सायकलीवर चेन कोरडी पडली की पायांना जड लागते आणि आपण तेल घालतो; येथे मोटर ते जडपण झाकून टाकते, म्हणून ओरडेपर्यंत चेनची कोणाला आठवण होत नाही.

खानापूर

आमच्याकडे पावसाळ्यात लाल चिखल मडगार्ड ओलांडून थेट चेनवर येतो. शिलाई मशीनचे तेल इतके पातळ असते की एका जोरदार सरीत ते धुऊन जाते, त्यामुळे पावसाळ्यासाठी मिळणारे सायकलचे दाट तेलच मी वापरते. आधी बॅटरी काढून ठेवते, फडक्यावर थोडे रॉकेल घेऊन चेन पुसते आणि ती पूर्ण कोरडी झाल्यावर पायडल उलटे फिरवत, चेनच्या खालच्या पदराच्या आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर (कडीतल्या फिरत्या नळीवर) एकच थेंब सोडते. रात्रभर तेल आत मुरू दिले की सकाळी बाहेरचे सर्व तेल पुसून टाकते. हे शेवटचे पुसणे बहुतेक जण टाळतात, आणि माझ्या मते निम्मा आवाज तेथूनच सुरू होतो, कारण बाहेर राहिलेल्या तेलात माती कालवली गेली की ती कानशीप्रमाणे पिना घासत राहते. गाडी धुण्याच्या दुकानातील जोराची फवारणी मात्र कधीही करू नये. पाणी हबमध्ये आणि बेअरिंगमध्ये शिरते.

निपाणी

वरील ताईंचे दाट तेल आमच्याकडे ऊस हंगामात अजिबात चालणार नाही. ट्रॅक्टरांमागे उडणारी धूळ त्यावर चिकटून चेन काळी पडते. दिवाळीनंतर मी मेणाचे, कोरडे राहणारे तेल वापरतो. ते पावसात टिकत नाही, परंतु धुळीत उत्तम चालते. ग्रीस कोणी फुकट दिले तरी चेनला लावू नये.

शहापूर, बेळगाव (सायकल दुरुस्तीचा व्यवसाय)

तेल घालण्यापूर्वी चेन किती झिजली आहे हे पाहावे, असे मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो, कारण झिजलेल्या चेनचा आवाज तेलाने थांबत नाही. लगतच्या दोन पिनांच्या मध्यांतील अंतर अर्धा इंच असते, म्हणून नव्या चेनच्या २४ कड्या पट्टीवर बरोबर १२ इंच भरतात. तेथे इंचाचा सोळावा भाग वाढलेला दिसला की चेन बदलावी; आठवा भाग वाढेपर्यंत थांबल्यास फ्रीव्हीलचे (मागच्या दातेरी चक्राचे) दातेही झिजलेले असतात आणि नवी चेन त्यांवरून घसरते. ज्यांची मोटर पायडलच्या अक्षापाशी आहे, त्यांनी ही तपासणी अधिक वेळा करावी, कारण तेथे पाय आणि मोटर या दोघांचाही जोर चेनवरच येतो. अशा सायकलीवर मोठ्या गिअरमध्ये थांबून तेथूनच जोर लावल्यास चेनला विनाकारण झटका बसतो. थांबण्यापूर्वीच हलका गिअर घ्यावा.

एकाच गिअरच्या सायकलीत चेन सैल पडून चेनकव्हरवर आपटते. खालच्या पदराच्या मध्यावर साधारण एक ते दीड सेंटीमीटर खेळ ठेवावा. अतिताणलेली चेनही कुरकुरते. हब मोटरचे मागचे चाक मागे ओढताना अक्षाला फिरण्यापासून अडवणारा वॉशर जागेवर बसलाच पाहिजे, अन्यथा अक्ष फिरून मोटरची वायर पिळली जाते. हे काम घरी करण्यास माझी हरकत नाही, पण वायर ताणली जात नाही ना, हे दोनदा पाहावे.

येळ्ळूर

टकटक आवाज येत असेल तर तो किती अंतराने येतो हे मोजावे. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला येत असेल, तर पायडल, क्रँक (पायडलचा दांडा) किंवा मधले बेअरिंग तपासावे. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि चेनला ११० कड्या असतील, तर चेनचा एक फेरा अडीच पायडलांत पूर्ण होतो; टकटक त्याच अंतराने येत असेल, तर एखादी कडी आखडलेली असते. पायडल सावकाश उलटे फिरवल्यास ती मागच्या चक्रावरून सुटताना वाकलेलीच राहते आणि लगेच डोळ्यांना दिसते. तिच्यावर तेल सोडून ती हाताने दोन्ही बाजूंना हलवल्यास बहुधा मोकळी होते. झाली नाही, तर शहापूरच्या मंडळींकडे पिन थोडी हलवून घ्यावी.