‘सरफेस सेग्रिगेशन’ला मराठीत ‘तवंग’ म्हणावं का?

प्रश्न : नागपुरात एम.एससी. करतेय, पॉलिमर मिश्रणाच्या पातळ फिल्मवर मराठीत लेख लिहायचा आहे. दोन पॉलिमरांपैकी एक पृष्ठभागाकडे जास्त जमतो, त्याला ‘तवंग’ चालेल का? आपल्याकडे तर्री सगळ्यांनाच कळते.

उत्तर : ताई, शब्द छान आहे, पण इथे नको. तर्रीवर तेल येतं ते हलकं असतं आणि रश्श्यात मिसळत नाही म्हणून. फिल्ममध्ये घनतेचा प्रश्नच नाही, सगळा खेळ पृष्ठताणाचा. पॉलिस्टायरिन आणि पॉलिव्हिनाइल मिथाइल ईथर अगदी एकजीव मिसळतात, तरी हवेलगतच्या काही नॅनोमीटरमध्ये ईथरचंच प्रमाण जास्त, कारण त्याचा पृष्ठताण कमी. तो वेगळा थर नव्हे. आत जावं तसं प्रमाण उतरत जातं. मी ‘पृष्ठसंचय’ लिहिलं असतं.

तापमानाचं वाक्य तर फार जपून लिहा. याच जोडीला तापवत नेलं की ती फुटायच्या, म्हणजे दोन्ही पॉलिमर वेगळे व्हायच्या, बेताला येते, आणि पृष्ठसंचय वाढतो. साधं पॉलिस्टायरिन आणि ड्यूटेरियमयुक्त (हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन असलेलं) पॉलिस्टायरिन यांचं उलट : तापवल्यावर ती अधिक चांगली मिसळतात, संचय घटतो. म्हणून ‘तापमान वाढलं की पृष्ठसंचय वाढतो’ असं सरसकट लिहू नका, जोडीचं नाव द्याच.

प्रश्न : आणि ॲनिलिंगला, म्हणजे फिल्म काही काळ गरम ठेवण्याला, ‘अनुशीतन’?

उत्तर : धातूंच्या बाबतीत ठीक आहे. फिल्मच्या लेखात ‘शीतन’ वाचून वाचक थंड करण्याकडे वळेल, आणि इथे महत्त्वाचं आहे ते गरम ठेवणं. पॉलिस्टायरिनच्या लांब रेणूसाखळ्या साधारण 100 अंश सेल्सिअसच्या खाली गोठलेल्या असतात. मे महिन्यातले आपले 45 अंश त्यांना काहीच नाहीत. द्रावणातून फिल्म बनवताना, द्रावक उडताना जी मांडणी झाली तीच टिकते. साखळ्या हलाव्यात म्हणून फिल्म काचसंक्रमण तापमानाच्या (ज्याच्या खाली साखळ्या गोठतात त्या तापमानाच्या) वर ठेवतात. सरळ ‘तापवून ठेवणे’ लिहा.

दुसरं उत्तर : ‘मिश्रण’च ठेवा, ‘संमिश्र’ नको, तो कंपोझिटसाठी रुळलाय. आणि ‘पृष्ठभागाचं घटकप्रमाण’ म्हणताना खोली सांगा. एक्सपीएस (क्ष-किरणांनी पृष्ठभागातले घटक मोजण्याची पद्धत) साधारण वरच्या 10 नॅनोमीटरपर्यंतचंच पाहतं, नमुना तिरपा केला तर त्याहून कमी. फिल्म तीच, पण आकडा वेगळा येतो.