मदत हवी आहे: डेन्व्हरच्या हिवाळ्यासाठी जुनी फोर व्हील ड्राइव्ह गाडी

मंडळी,

जूनमध्ये ह्यूस्टनहून डेन्व्हरला आलो. तोवर बर्फाशी संबंध फ्रीजरपुरता. नवऱ्याला आठवड्यातून तीन दिवस कामासाठी फ्रिस्कोला जावं लागतं, म्हणजे आय-७० महामार्गाने आयझेनहॉवर बोगद्याच्या पलीकडे. बोगदा ११,००० फुटांच्याही वर. इथे खाली लख्ख ऊन आणि वर रस्ता पांढराफटक, असं ऑक्टोबरातच दोनदा झालं. दुसऱ्या वेळी उतारावर आमची साधी टोयोटा कॅमरी ब्रेक दाबूनही घसरत राहिली आणि पुढच्या ट्रकच्या जेमतेम हातभर मागे थांबली. घरी आल्यावर तो अर्धा तास काही बोललाच नाही. मग म्हणाला, गाडी बदलू.

सासरे साताऱ्याहून रोज फोनवर सांगतात, "जीपच घ्या." आयुष्यभर कमांडर चालवली आहे त्यांनी, दुसरं काय सांगणार!

बजेट १५,००० डॉलर, टायर धरून. सगळ्यात मनात भरली ती २०१४ ची सुबारू आउटबॅक, ९८,००० मैल झालेली. ऑल व्हील ड्राइव्ह कायम चालू, जमिनीपासून उंची ८.७ इंच. हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) गळतं असं वाचून वाचून झोप उडाली होती, पण ती तक्रार मुख्यतः आधीच्या इंजिनाची. २०१३ पासून आउटबॅकच्या २.५ लिटरमध्ये टायमिंग चेनवालं नवं इंजिन आहे. बरोबर ना? खटकलं ते वेगळंच. तीन टायर झिजलेले आणि एक कोरा करकरीत. "पंक्चर झाला म्हणून बदलला," इति विक्रेता.

दुसरी २०१५ ची टोयोटा रॅव्हफोर. आधी शिकागोत होती, तिथे बर्फासाठी रस्त्यावर टाकतात ते मीठ खाल्लेलं दिसतंय. वाकून पाहिलं तर खाली गंजाचे पापुद्रे. तिसरी २०१२ ची टोयोटा फोररनर एसआर-५, जरा बजेटबाहेर. तिची फोर व्हील पार्ट टाइम, म्हणजे हवी तेव्हाच लावायची, कोरड्या रस्त्यावर लावून चालवायची नाही म्हणतात. आमच्या वाटेवर दोन मैल बर्फ, तीन मैल कोरडं, पुन्हा बर्फ. दर वेळी लिव्हर ओढत बसायचं का?

प्रतिसाद:

कॅमरीचे टायर ह्यूस्टनचेच आहेत का, ते आधी सांगा. फोर व्हीलने गाडी बर्फातून निघते, चढ चढते. थांबायला मात्र तिचा काही उपयोग नाही; ब्रेक कॅमरीलाही चारही चाकांना आहेत. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली साध्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं, विंटर टायरचं मऊ राहतं. टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण, हे चिन्ह बघून घ्या. आय-७० वर डॉटसेरो ते मॉरिसन १ सप्टेंबर ते ३१ मे नियमच आहे: ऑल व्हील असली तरी टायरची खाच किमान ३/१६ इंच खोल हवी. उलट तेवढी खाच असलेले विंटर टायर घातलेली कॅमरीही नियमात बसते.

आउटबॅकचा तो कोरा टायर मलाही खटकला. चारही टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही, नाहीतर पुढच्या आणि मागच्या चाकांमधला क्लच सतत घासत राहतो. रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. अडखळत, धक्के खात वळली तर सोडून द्या. कुठलीही घ्या, पैसे देण्याआधी आपल्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून बघा, विक्रेत्याच्या ओळखीच्याकडे नको. आणि फोररनरचं तुम्ही म्हणता ते खरंय. तुमच्या वाटेला ती नको.

धागाकर्ती:

टायर ह्यूस्टनचेच! गेज लावलं तर खाच १/८ इंच. म्हणजे इतके दिवस नियमाबाहेरच फिरत होतो. आउटबॅक काल गोल फिरवली. डावीकडे, उजवीकडे, दोन्हीकडे हिसके. नाद सोडला. रॅव्हफोर तर नकोच. आता आधी कॅमरीला विंटर टायर, दुसरी गाडी शोधू निवांत. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.

फक्त एक सांगा, हे टायर वेगळ्या रिमवर बसवून घ्यावेत, की दर हंगामात दुकानात जाऊन उतरवून-चढवून घ्यावेत? चार चाकं ठेवायला घरात एकच बाल्कनी आहे, आणि ती नवऱ्याच्या सायकलने आधीच अडवली आहे.