गिरगावातली दुकानं : तुमच्या आठवणी येऊ द्यात

मुगभाटची माहेरवाशीण
परवा मेट्रोने गिरगाव स्टेशनला उतरले, वर आले आणि दिशाच कळेना! जन्म इथला, लग्नापर्यंत इथेच, आणि एका पोराला विचारावं लागलं, "ठाकूरद्वार कुठल्या बाजूला रे?" "आजी, मॅप लावा ना."
आमच्या पिठाच्या गिरणीच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय. आईची ताकीद असायची, नाचणीवर आपले गहू टाकू देऊ नकोस. गिरणीवाल्या काकांच्या भुवयासुद्धा पिठाने पांढऱ्या, त्यांना सांगायची माझी काय टाप! मग गव्हाचा डबा कोण आणतंय ते हेरून त्याच्यामागे नंबर लावायचा. एकदा चुकलंच. पोळ्या बघून बाबा म्हणाले, "कोळशाच्या वखारीतून दळून आणलंस का?"
तुमच्या आठवणी सांगा.

दुसरा मजला
त्या भुवया!! 😂 दिवाळीत भाजणीची रांग पार वाडीच्या तोंडापर्यंत. चकली बिघडली की दोष गिरणीचा. मोहन चुकलं हे कोण कबूल करणार!

पाकीटवाला
नाचणीवर गहू टाकले तर काय होतं? खरंच विचारतोय, आमच्याकडे तयार आटा येतो.

मुगभाटची माहेरवाशीण
अरे, जात्यात आधीचं पीठ उरलेलं असतं, ते तुझ्या डब्यात येतं. कुकर झाला, येते.

उधारखाते
वाण्याकडे महिन्याची वही. मी त्यात गुपचूप लिमलेटच्या गोळ्या घ्यायचो. वाटलं, साखर-तेलात खपून जाईल. शेठ पक्का. प्रत्येक वेळी वेगळी ओळ : "चिरंजीव, गोळ्या, ५ पैसे". पगाराच्या दिवशी आईने वही मोठ्याने वाचली. अकरा वेळा चिरंजीव.

दुसरा मजला
अकरा 🤣🤣

बोरिवली फास्ट
मॅजेस्टिक कोणालाच आठवत नाही? शॉपिंग सेंटर नव्हे, थिएटर. 'आलम आरा' तिथेच लागला, १४ मार्च १९३१. आपला पहिला बोलपट. आता तिथे ब्लाउजपीस बघायला जातात. आमची इमारत मेट्रोत गेली, त्यावर आत्ता लिहीत नाही.

उधारखाते
🙏 सावकाश लिहा.

खोताची वाडी कोपरा
अनंताश्रम, आपली माशांची खाणावळ, बंद झाली तेव्हा आमच्या काकांनी दोन दिवस मासे खाल्ले नाहीत. तिसऱ्या दिवशी खाल्ले.

पाकीटवाला
पणशीकरांचं पियूष घरी कसं करायचं? श्रीखंड पातळ केलं की झालं का?

दुसरा मजला
नाही. आणि हे इथे बोलू नकोस, मार खाशील. त्यात ताक हवं, जायफळ हवं. बाकी उपासाची मिसळ खायला मी अजून ठाण्याहून येते, उपास नसतानाही.

खोताची वाडी कोपरा
विषय सोडून : पितळी पुरणयंत्राची बारीक जाळी कुठे मिळेल? आजेसासूबाईंचं आहे, टाकवत नाही.

बोरिवली फास्ट
भुलेश्वरला तांब्या-पितळेच्या दुकानांत बघा. यंत्र सोबत न्या, मापात फसाल.

मुगभाटची माहेरवाशीण
आले. जाताय तर चिरा बाजारातून बोंबील आणा.

खोताची वाडी कोपरा
पुरणाच्या दिवशी? 😳